हार्डबूट अल्पाइन स्नोबोर्ड: बूट आधी, बोर्ड शेवटी

हार्डबूट म्हणजे स्कीच्या बुटासारखे कडक प्लास्टिकचे स्नोबोर्ड बूट. नेहमीचे मऊ सॉफ्टबूट सोडून त्यांच्याकडे वळायचं मनात आलं की बहुतेकांची नजर आधी बोर्डावर जाते. केसलर कंपनीचा घ्यावा की एसजीचा, १६३ सेंटिमीटरचा की १८५, टायटॅनल धातूचा थर असलेला की नसलेला, यावर रात्री जागवल्या जातात. पैशाचा मोठा घास बोर्ड खातो आणि उरलेल्यात कुणाचे तरी वापरलेले, एक माप मोठे बूट येतात. मग हंगामभर टाच बुटात वर-खाली होते, नडगी सोलवटते, वळण मध्येच सुटतं आणि शिव्या मात्र बोर्डाला बसतात.

क्रम उलटा हवा. आधी बूट, मग बाइंडिंग (बूट बोर्डाला जखडणारा सांगाडा), सगळ्यात शेवटी बोर्ड. कारण सरळ मापाचं आहे. बुटाच्या सोलची लांबी कळल्याशिवाय पाऊल किती तिरपं ठेवायचं ते ठरत नाही, आणि तो कोन ठरल्याशिवाय बोर्ड किती रुंद हवा ते कळत नाही.

पुढचं सगळं सॉफ्टबूटवर दोन-तीन हंगाम घालवलेल्या आणि मध्यम उतारावर आरामात उतरणाऱ्या वाचकाला धरून लिहिलं आहे. म्युनिक, झुरिक, डेन्व्हर, टोकियो अशा शहरांत राहणाऱ्या मराठी मंडळींना त्याचा जास्त उपयोग, कारण हार्डबूटला मशीनने दाबून सपाट केलेला, घट्ट बर्फ लागतो. गुलमर्गची खरी मजा ताज्या भुसभुशीत बर्फात आहे. तिथे हे सामान घेऊन जाणं म्हणजे चिखलात रेसिंग सायकल चालवणं.

बूट

पाऊल मोजण्यापासून सुरुवात करा. कागद जमिनीवर ठेवून टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्या पायावर घ्या आणि सगळ्यात लांब बोटाच्या टोकाशी पेन्सिल उभी धरून खूण करा. दोन्ही पाय मोजा, फरक असतोच. भिंतीपासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये म्हणजेच तुमचं मोंडो माप. २६.७ आलं तर २६.५ चा बूट आधी घालून पाहा, २७.५ कडे धावू नका. रोजच्या बुटांच्या मापावरून अंदाज बांधणारा माणूस हमखास एक माप मोठं घेतो.

दुकानात पहिलं काम म्हणजे लायनर (आतलं मऊ अस्तर) काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घालणं. बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. १० ते १५ मिलिमीटर हवी. शाळेच्या दोन पेन्सिली शेजारी-शेजारी धरल्या की साधारण १४ मिमी होतात. टाचेमागे त्या दोन्ही सरकल्या पण तिसरी गेली नाही, तर शेल तुमचा. अर्ध्या इंचाच्या जागी एक इंच उरत असेल तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून द्या. मोठा शेल जाड लायनरने भरून काढता येतो हा भ्रम आहे. लायनर आठवडाभरात दबतो, शेल तेवढाच राहतो. लहान शेल मात्र गरम करून हव्या त्या जागी फुगवता येतो. बऱ्याच कंपन्या २६ आणि २६.५ ला एकच शेल देतात आणि फरक फक्त आतल्या लायनरमध्ये असतो, म्हणून बाहेरचा आकडा वाचून समाधान मानू नका.

मग लायनरसकट बूट घालायचा. एकच पातळ मोजा, तोही घोट्याशी सुरकुती न पडू देता. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे घासली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं किंचित मागे सरली पाहिजेत. वीस मिनिटं घालून बसा. बोटांना मुंग्या आल्या तर बहुतेक वेळा दोष पावलावरच्या बकलांचा असतो, कारण लोक तीच सगळ्यात जास्त आवळतात. घोट्याजवळचं बकल घट्ट, पायाच्या बोटांवरचं जवळजवळ सैल, ही सवय पहिल्यापासून लावून घ्या.

लायनर उष्णतेने पायाच्या आकारात बसवता येतात. बोटांवर टोपी चढवून, खाली स्वतःच्या पायाचा इनसोल घालून, गरम लायनरमध्ये पाय ठेवून तो थंड होईपर्यंत हलायचं नाही, एवढंच ते काम. पण घरच्या ओव्हनमध्ये लायनर जाळलेले लोक थोडेथोडके नाहीत. बूट बसवून देणारा कारागीर जवळ असेल तर त्याच्याकडे जा. इनसोलवर खर्च करायला मागेपुढे पाहू नका. तळव्याची कमान कोसळली की घोटा आतल्या बाजूला झुकतो आणि मग बाइंडिंगमध्ये कितीही पाचर घातली तरी हिशेब जुळत नाही.

बाजारात मोजकी नावं आहेत. ऑस्ट्रियाच्या डीलक्सची ट्रॅक मालिका सगळ्यात सहज मिळते. यूपीझेडचे सोल त्याच पावलाला तुलनेने आखूड असतात, त्यामुळे मोठ्या पायाच्या माणसाला ते सोयीचे. माउंटन स्लोपही आहे. कडकपणा निवडताना हाव नको. खूप कडक बुटात घोटा वाकतच नाही, वजन बोर्डाच्या पुढच्या भागावर जात नाही आणि माणूस काठीसारखा ताठ उभा राहतो. शिवाय दुकानात २२ अंश तापमानात मऊ वाटलेलं प्लास्टिक उणे १५ अंशांत चांगलंच ताठरतं. सत्तर किलोच्या नवशिक्याला मधल्या कडकपणाचा बूट पुरतो.

बुटाच्या मागच्या बाजूला नडगीचा कल ठरवणारी खाचांची कळ असते. ती खूप कामाची आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

स्कीचे बूट घरात आहेत, ते चालतील का, हा नेहमीचा प्रश्न. तारेच्या कडीच्या बाइंडिंगमध्ये (ते पुढे येतं) ते बसतात आणि दोन-चार दिवस चव घ्यायला हरकत नाही. पण सोल लांब असतो, टाच मागे कापलेली नसते, बूट बाजूला जराही लवत नाही. ग्रिपवॉकसारखा रबरी, पुढे गोलसर सोल असेल तर अजिबात नको. कडीखाली रबर दबतं आणि पकड फसवी होते.

बाइंडिंग

प्रकार दोनच. पहिल्यात पुढे खटक्याची आणि मागे साधी अशा तारेच्या दोन कड्या असतात. टाच मागच्या कडीत सरकवायची, पुढचा खटका वर ओढून बसवायचा. दुसऱ्यात, इंटेक पद्धतीत, बुटाच्या टाचेतून दोन्ही बाजूंना छोट्या पिना बाहेर येतात आणि टाच खाली दाबली की खट्कन बसते. काढायला पँटमधून वर आलेल्या केबलची मूठ ओढायची. इंटेकला त्याचीच खास टाच लागते, म्हणून बूट घेतानाच ती टाच बसते का ते विचारून घ्या.

सोय इंटेकची, साधेपणा कडीचा. इंटेकची गोम अशी की टाचेच्या खोबणीत बर्फ साचला तर एकच पिन बसते. आवाज येतो, पाय घट्ट वाटतो, आणि पहिल्या जोरदार वळणात टाच सुटते. म्हणून प्रत्येक वेळी टाच जमिनीवर आपटून बर्फ झाडायचा, बसवल्यावर पाय दोन्ही बाजूंना पिळून बघायचा. केबल तुटली की पाय बोर्डात अडकून राहतो, म्हणून खिशात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर असू द्या.

कडीच्या बाइंडिंगमध्ये घट्टपणा महत्त्वाचा. खटका अर्ध्यावर आला की विरोध जाणवायला हवा आणि शेवटचा भाग अंगठ्याच्या जोराने बंद व्हायला हवा. नुसत्या बोटाने टिचकी मारून बंद होत असेल तर सैल आहे, दोन्ही हात लावावे लागत असतील तर कडीवर ताण आहे आणि ती एक दिवस तुटेल.

एक गोष्ट नीट समजून घ्या: स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, हे सुटत नाही. एक पाय बोर्डात आणि एक बाहेर अशा अवस्थेत उतारावर जोरात पडणं गुडघ्याला फार महागात जातं. लिफ्टवरून उतरल्यावर दुसरा पाय अडकवूनच निघा.

एफ-२ ची टायटॅनियम मालिका सर्वत्र मिळते आणि पहिल्या जोडीला उत्तम. तिच्यात बुटाची बोटं आणि टाच ज्यांवर टेकतात त्या पुढच्या-मागच्या ठोकळ्यांखाली पाचरी घालून उंची बदलतात. अमेरिकेतल्या बॉम्बरची बाइंडिंग जड आणि मजबूत, त्यांत ०, ३ आणि ६ अंशांच्या तिरप्या चकत्या फिरवून कल साधतात. जुनी बाइंडिंग घेताना कडीच्या वाकणाशी भिंग लावून बघा. धातूला केसासारखा तडा असेल तर ती फक्त शोभेची वस्तू.

बोर्ड

आता बोर्ड. इथे लांबीपेक्षा कडेच्या वळणाची त्रिज्या आधी बघा. बोर्डाची बाजू आत घेतलेली असते, त्या कमानीचा हा आकडा, मीटरमध्ये. बोर्ड जितका कलंडवाल तितकं प्रत्यक्ष वळण या आकड्याहून लहान होतं. ६० अंश कलंडवला तर निम्मं. १२ मीटरचा बोर्ड ६ मीटरच्या वर्तुळात फिरतो.

पण हवा तितका कलंडवता येत नाही, कारण वेग पुरेसा नसेल तर माणूस आत पडतो. सपाटीवरचं आदर्श गणित असं: कलाची साइन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले कडेची त्रिज्या). ताशी ३० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ८.३ मीटरने जाताना २० मीटर त्रिज्येचा बोर्ड जेमतेम २१ अंश कलतो. १२ मीटरचा ३६ अंश. ९ मीटरचा थेट ५२ अंश. नवशिक्याने जायंट स्लॅलम (लांब वळणांच्या शर्यतीचा) बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून उचलला की तो वळतच नाही, त्यामागचं कारण हे. तो बोर्ड ताशी ५० च्या पुढे जिवंत होतो, आणि तेवढा वेग गर्दीच्या उतारावर कोणी देत नाही, देऊही नये.

पॅरलल जायंट स्लॅलम, म्हणजे दोघे शेजारी-शेजारी उतरतात ती शर्यत, २००२ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. २०१८ ला प्योंगचांगमध्ये एस्तर लेडेत्स्काने स्कीचा सुपर-जी आणि स्नोबोर्डचा पॅरलल जायंट स्लॅलम, दोन्ही सुवर्णपदकं जिंकली तेव्हा अनेकांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला. पडद्यावर दिसणारे ते लांबलचक बोर्ड मोकळ्या केलेल्या उतारासाठी, फाटकांमधून जाण्यासाठी आणि त्या ताकदीच्या पायांसाठी बनवलेले असतात.

पहिल्या बोर्डासाठी १० ते १३ मीटर त्रिज्या, १६० ते १७० सेंटिमीटर लांबी, बोर्डाच्या कमरेशी (मधल्या अरुंद भागात) १९.५ ते २२ सेंटिमीटर रुंदी, या चौकटीत राहा. वजन ८५ किलोच्या पुढे असेल तर लांबीच्या वरच्या टोकाला जा. रुंदी मात्र पायावरून ठरते: मोंडो २८ च्या पुढच्या पायांनी १९ च्या आतला बोर्ड घेतला की पावलं जवळपास सरळ पुढे करावी लागतात आणि कमरेखाली पीळ बसतो. शर्यतीचे स्लॅलम बोर्ड साधारण १५५ ते १६५ सेंमी आणि ८ ते ११ मीटर त्रिज्येचे. ते चपळ खरे, पण चुकीला माफी देत नाहीत.

स्वित्झर्लंडमध्ये केसलर आणि ऑक्सेस, ऑस्ट्रियात ऑलिंपिक पदकविजेत्या सिगी ग्राब्नरची एसजी, अमेरिकेत डोनेक, कॅनडात कॉइलर. शेवटचे दोघे तुमचं वजन, पायाचं माप आणि आवडता वेग विचारून बोर्ड बनवतात. जपानमध्ये ओगासाका आहे, आणि बॅडमिंटनच्या रॅकेटमुळे आपल्याला घरचीच वाटणारी योनेक्ससुद्धा अल्पाइन बोर्ड बनवते.

वापरलेला बोर्ड घेण्यात कमीपणा नाही, या खेळात निम्मा व्यवहार तसाच चालतो. बोर्ड डोळ्यांसमोर बंदुकीसारखा धरून लांबीकडे बघा, पीळ दिसतो का. टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ थर असलेले बोर्ड थरथर छान शोषतात, पण खड्ड्यात नाक घुसून वाकले तर सरळ होत नाहीत. पुढच्या बाइंडिंगच्या जागेपुढे एक हात अंतरात आडवी सुरकुती शोधा. हाताला लागते, नजरेला चुकते. मग कडेचं पोलाद किती उरलंय ते, आणि प्रत्येक इन्सर्टमध्ये (बोर्डात बसवलेल्या धातूच्या आटेदार भोकात) स्क्रू हाताने तीन-चार फेरे सहज फिरतो का ते. विकणारा स्क्रू लावून बघू देत नसेल तर पुढचा बघा.

टेबलावरची बसवणी

लागणारं सामान: ३ नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रू ड्रायव्हर, मोजपट्टी, खुणेची चिकटपट्टी आणि सुताराचा गुण्या. स्क्रूची फुली साध्या फिलिप्ससारखी दिसते, पण फिलिप्सने फिरवलात तर दुसऱ्या वेळी डोकं गोल झालेलं असेल.

पहिलं, दोन पायांमधलं अंतर. मांडीच्या सांध्यापासून जमिनीपर्यंत पायाची आतली लांबी घ्या आणि तिला ०.६ ने गुणा. ८० सेंटिमीटरला ४८ येतात. हे एका बाइंडिंगच्या मधल्या चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर. बोर्डावर बनवणाऱ्याने मध्याची खूण दिलेली असते, दोन्ही बाइंडिंग तिच्यापासून सारख्या अंतरावर ठेवा. पुढे-मागे सरकवण्याची हौस पहिल्या पाच दिवसांनंतर.

दुसरं, बाइंडिंगची लांबी. बुटाच्या टाचेजवळ सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, समजा ३०५. ठोकळे त्या लांबीला आणताना पुढचा आणि मागचा दोन्ही सारखे हलवायचे. एकच हलवला तर बूट चकतीच्या मध्यावरून घसरतो आणि पुढची सगळी मापं चुकतात.

तिसरं, कोन. हे काम गुण्याचं. बूट बाइंडिंगमध्ये घट्ट बसवा, बोर्ड टेबलाच्या काठावरून थोडा बाहेर काढा, गुण्या कडेला खालून लावून उभी बाजू वर न्या. बुटाचं टोक त्या उभ्या बाजूला जेमतेम शिवलं पाहिजे. टाचेकडेही तसंच. बूट बाहेर डोकावत असेल तर कोन वाढवा, कडेपासून आत राहिला असेल तर कमी करा. ३०० मिलिमीटरच्या सोलला ६० वरून ६३ अंशांवर नेलं की आडवी व्याप्ती साधारण १२ ते १४ मिमीने, म्हणजे एकेका बाजूला ६-७ मिमीने घटते. तीन अंश ऐकायला किरकोळ, पण इथे खूप होतात.

बाहेर डोकावलेल्या बुटाचं काय होतं, ते आकड्यात बघा. बोर्डाची जाडी आणि बाइंडिंगची उंची मिळून बुटाचा सोल कडेपासून ४० मिमी वर आहे असं धरा. बूट २० मिमी बाहेर असेल तर बोर्ड ६३ अंश कलला की बुटाचं टोक बर्फाला लागतं. १० मिमी बाहेर असेल तर ७६ अंशांना. शिवाय कड बर्फात सेंटिमीटरभर रुतते, म्हणजे प्रत्यक्षात याआधीच. टोक बर्फाला लागलं की ते टेकूसारखं काम करतं, कड उचलली जाते आणि माणूस भर वळणात पाठीवर किंवा पोटावर घसरत जातो. उलट बूट फार आत असेल तर दाब कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो. नवशिक्याला ही दुसरी चूक कमी त्रास देते.

मागच्या पायाचा कोन पुढच्यापेक्षा ३ ते ५ अंश कमी ठेवा. २० सेंटिमीटरच्या बोर्डावर मोंडो २७ च्या पायाला पुढे ६० आणि मागे ५७ ही आकड्यांची जोडी बहुतेकदा जवळपास बसते. २२ च्या बोर्डावर ५० ते ५५ पुरतं.

चौथं, कल. दोन्ही पावलं पुढे वळवून लांब पाऊल टाकल्यासारखं उभं राहा, बूट न घालता, घरातच. पुढच्या पायाची नडगी मागे झुकते, मागच्या पायाची पुढे. म्हणून पुढच्या बुटाची बोटं उचलायची, मागच्याची टाच. दोन्हींकडे ३ अंशांपासून सुरुवात करा. सोबत बुटाची ती मागची कळ: पुढच्या पायाला कमी कल, मागच्याला एक-दोन खाचा जास्त. गुडघे एकमेकांकडे ढकलणारी आडवी पाचर पहिल्या दिवशी शून्य. ती गरज पडली तरच, एकेक पायरीने.

पाचवं, स्क्रू. इन्सर्ट एम-६ चे असतात, आटा एका फेऱ्याला १ मिमी. स्क्रू किमान सहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. पाचरी घातल्यावर मूळ स्क्रू आखूड पडतो, हे लक्षात न घेतल्यामुळे इन्सर्ट उपटून आल्याचे प्रकार होतात. फार लांब स्क्रू तळाला भिडून खालून फुगवटा आणतो. मनगटाच्या जोराने घट्ट करा, खांद्याचा जोर नको. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायचं तर स्क्रूच्या टोकालाच लावा, काही प्रकारच्या थ्रेडलॉकने बाइंडिंगच्या प्लास्टिकला तडे जातात.

शेवटी चिकटपट्टीवर कोन, अंतर, पाचरी लिहून बोर्डावर डकवा किंवा फोटो काढून ठेवा. चार बदल करून झाल्यावर मूळ मांडणी कोणालाच आठवत नाही.

शर्यतीच्या बोर्डांवर बाइंडिंगखाली दिसणारी लांब प्लेट पहिल्या हंगामात विसरून जा. ती बोर्डाला मोकळं वाकू देते, पण वजन आणि उंची वाढवते, आणि बोर्ड खाली काय करतोय हे पायाला कळेनासं होतं.

कड

कडेचा बाजूचा कोन २ ते ३ अंश, खालचा अर्धा ते एक अंश. घट्ट बर्फावर बाजूच्या कोनाने पकड येते. खालचा एका अंशाच्या पुढे गेला की बोर्ड कडेवर चढायला उशीर करतो. रोज संध्याकाळी कोन धरून ठेवणाऱ्या साच्यात बसवलेला डायमंडचा दगड दोन-तीनदा फिरवला तरी आठवडा निघतो. कड अंगठ्याच्या नखावर आडवी ओढा, नखाची पांढरी भुकटी निघाली तर धार आहे. सॉफ्टबूटच्या बोर्डासारखी नाकाजवळची कड बोथट करू नका, वळणाची सुरुवात तिथूनच होते.

पहिला दिवस आणि बिघाडांचा माग

सकाळी लिफ्ट सुरू होताच जा, सोपा रुंद उतार निवडा. दोन फेऱ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा तपासा, नव्या पाचरी दबून ते सैल होतात. वळण झाल्यावर थांबून मागे आपला चर बघा. काडीने ओढल्यासारखी बारीक रेघ असेल तर कार्व्हिंग, म्हणजे न घसरता कडेवर कापलेलं वळण, झालं. फरकाटा असेल तर बोर्ड घसरला. चराच्या आतल्या बाजूला वेगळा खरवडलेला ओरखडा दिसला तर बूट बर्फाला लागतोय, घरी जाऊन गुण्या काढा.

एका वेळी एकच बदल करायचा, तोही तीन फेऱ्या मारून मगच पारखायचा. पुढच्या पायाची मांडी दहा मिनिटांत पेटत असेल तर पुढच्या बोटांची उंची कमी पडतेय किंवा पुढच्या बुटाचा कल जास्त आहे. मागची टाच बुटात उचलली जात असेल तर आधी घोट्याचं बकल, मग मागच्या टाचेची उंची. तरीही थांबली नाही तर बूट मोठा आहे आणि पाचरींनी ते झाकलं जाणार नाही. मागचा गुडघा आतून दुखायला लागला तर आडवी पाचर काढा, किंवा दोन पावलांच्या कोनांतला फरक दोन अंशांनी वाढवा. नाक वळण धरत नसेल आणि शेपूट चिकटून राहत असेल तर माणूस मागे बसलाय. मागच्या बुटाची कळ एक खाच पुढे घ्या.

सगळ्यात जास्त तक्रार टाचेच्या बाजूच्या वळणाची येते: बोर्ड थडथडतो आणि सुटतो. नव्वद टक्के वेळा खुर्चीवर बसल्यासारखं पार्श्वभाग आत आणि छाती बाहेर अशी ठेवण असते, बाइंडिंगचा त्यात हात नसतो. छाती बोर्डाच्या नाकाच्या दिशेने फिरवून, मागचा गुडघा पुढच्याच्या मागे आणून पाहा. एवढं करूनही थडथड राहिली तर टाचेकडचा बूट कडेपासून किती आत आहे ते मोजा. बूट टाचेकडे ३ मिमी सरकवला की बऱ्याचदा थडथड थांबते. सरकवल्यावर बोटांकडची बाजूही गुण्याने पुन्हा बघायची, कारण तिथले ३ मिमी कमी झालेले असतात.

हातमोजे स्वस्तातले न्या. कार्व्हिंग जमायला लागलं की हात बर्फाला घासतो आणि महागड्या कातड्याची बोटं आठवड्यात उघडी पडतात. रात्री बूट गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. लायनर बाहेर काढून खोलीत वाळवा आणि सकाळी शेल उबदार असतानाच पाय घाला, गारठलेल्या शेलमध्ये जीभ बाजूला सारताना प्लास्टिक तडकतं. हंगाम संपल्यावर लायनर घालून बकलं हलकेच लावून ठेवा म्हणजे शेलचा आकार बदलत नाही. बाइंडिंगचे स्क्रू मात्र अर्धा-एक फेरा सैल करून ठेवा.